जांभई

दामूअण्णा वडके, तांबट आळी, कसबा पेठ.
उजवा हात सतरा दिवस मांडीवर,
न सांगता मुक्कामाला आलेल्या पाहुण्यासारखा.
डाव्या हाताने उचलून इकडचा तिकडे ठेवतात,
जरा संकोचून,
'सरकता का थोडं' म्हणावं तसं.

मी डोळे मिटायला सांगते.
अंगठा धरून वाकवते. वर की खाली?
'वर.'
खाली असतो.
पुन्हा. 'वर.'
तिसऱ्यांदा विचारल्यावर भडकतात:
'अहो बाई, पन्नास वर्षं घंगाळाच्या पोटात हात घालून
आतला पोचा शोधलाय मी, न बघता.
आता माझाच अंगठा मला सापडेना?'

सापडत नाहीये, हे खरंच आहे.
कातडीखाली, सांध्यांत, स्नायूंच्या विणीत बसलेले खबरे
अजून इमानाने खबर धाडतात.
ती कोपर, काख करत कण्यात शिरते,
वर चढते, मानेच्या वर बाजू बदलते,
आणि डाव्या मेंदूत, आत, खोल,
जिथे हरभऱ्याएवढी जागा विझली आहे
तिथे येऊन थांबते.
पुढे रस्ता नाही.

उतरत्या हुकुमाचंही तेच.
उजव्या हाताचा हुकूम डावीकडून सुटतो.
एकेरी वाहतुकीच्या या शहरात
हे समजावणं तसं सोपं जातं:
समोर दिसणाऱ्या दुकानात जायला
आधी उलटं वळावं लागतं.
अण्णा मान हलवतात.
हात हलवत नाहीत.
फाइलमध्ये मी शून्य लिहिते.

मंगळवारी सून जिन्यातच गाठते.
'हात उचलला मामंजींनी! स्वतः!'
मी जाऊन उभी राहते. काही नाही.
दहा मिनिटं काही नाही.
मग अण्णांना जांभई येते,
मोठी, डोळ्यांत पाणी आणणारी,
आणि जांभईबरोबर हात
कोपरात वाकत वाकत छातीपर्यंत येतो.
जांभई मिटते. हात परत मांडीवर.
सून हात जोडते. शिरीष पेढ्यांचं बोलायला लागतो.
अण्णा फक्त माझ्याकडे बघतात.

हे सांगायचे मला वेगळे पैसे मिळत नाहीत.
'अण्णा, हा तुम्ही नाही उचललात.'
पंख्याचा आवाज तेवढा.
'जांभईचा रस्ता वेगळा. फार जुना.
श्वासाच्या खात्यातला, आपल्याला न विचारता चालणारा.
तुमच्या हुकुमाचा रस्ता तुटलाय,
हा शेजारचा बोळ आहे.'

'मग उचलला कुणी?'

उत्तर मला येतं. परीक्षेत लिहून आले आहे, पूर्ण गुण.
पण ते ह्या प्रश्नाचं नव्हतं.

शनिवारी शिरीषला सांगून ठेवलं होतं:
अर्धवट राहिलेला तांब्या आणा, हातोडी आणा.
तो खिडकीशी बसून मठार घालू लागतो.
ठण्, ठण्, ठण्.
शेजारच्या खाटेवरचे काका वर्तमानपत्र आपटून ठेवतात.
अण्णा डोळे मिटून.
'सातवा तिरका पडला.'
शिरीष बघतो. पडलेला असतो.
'आता जोर जास्त. ऐकू येत नाही का तुला?'
ठण्.

मी दोन बोटं त्यांच्या उजव्या मनगटाच्या वर
नुसती टेकवून बसते.
ठण्. काही नाही. ठण्. काही नाही.
किती वेळ, ते लिहून ठेवलं नाही.
मग एका घावाच्या आधी
(नंतर नाही, दचकून नाही, आधी,
हातोडी अजून हवेत असताना)
माझ्या बोटांखाली तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी
सरकतं.
पुढच्या घावाआधी परत.
हात जागचा हललेला नाही, बघणाऱ्याला दिसणार नाही.
फाइलमध्ये शून्य खोडून एक लिहायचं,
पाचापैकी,
आणि मला पेन सापडत नाही.

अण्णांनी डोळे उघडलेले नाहीत.
'काय झालं? परत जांभई का?'

'नाही अण्णा,' मी म्हणते.
'तोंड मिटलेलं आहे तुमचं.'